मधली हातभर जागा

“मामा, ह्याला फोटोग्राफर लागतच नाही,” विद्याधर म्हणाला आणि माझ्या टेबलावर, सुकत घातलेल्या प्रिंटांच्या शेजारी, त्यानं एक काळी प्लास्टिकची डबी ठेवली.

साबणाच्या वडीहून थोडी मोठी. पुढे एवढंसं भिंग, वर एक लाल बटण. मी हातात घेतली तर वजनच नाही. ह्यापेक्षा माझी तपकिरीची डबी जड होती.

“मग फोटो काढतो कोण?”

“हाच. फोकस हा करतो, उजेड हा मोजतो, फ्लॅश हा मारतो, रोलसुद्धा हाच पुढे सरकवतो.”

“आणि तू काय करतोस?”

“मी बटण दाबतो.”

“वा! तेवढं तरी शिल्लक ठेवलंन म्हणायचं तुझ्यासाठी.”

विद्याधर हसला. माझ्या सख्ख्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. मस्कतला कुठल्याशा कंपनीच्या गोदामात खिळे-स्क्रू मोजायच्या कामाला होता, पण चार वर्षांनी परत आला तो अंगाला अत्तराचा घमघमाट घेऊन आणि आम्हा देवरुखकरांकडे लहान पोरांकडे बघावं तसं बघत. त्यानं माझ्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून खाली बघायचा, बावीस वर्षं मला भाकरी देणारा कॅमेरा.

“परवा बाबांच्या एकसष्टीला हे धूड आणू नका, मामा. तुम्ही पडदा लावणार, मान वाकडी करा, हनुवटी वर करा, लोक कंटाळतात हो. तुम्ही आपले पाहुण्यासारखे या, नुसते जेवायला.”

नुसते जेवायला! रेडीज फोटो स्टुडिओच्या मालकाला हे सांगत होता कालचा पोर, ज्याचे मुंजीपासूनचे सगळे फोटो मी काढले होते. माझ्या तोंडावर आलं होतं की बाबा रे, बटण दाबायला तर माकडही शिकतं. पण गिळलं. “बरं,” म्हटलं, “पाहुण्यासारखा येतो.”

आणि तिथंच माझं डोकं फिरलं, ते फिरलंच.

आता आक्काचं, विद्याधरच्या आईचं, सांगायला हवं, नाहीतर एवढं चिडायला काय झालं ते कळायचं नाही. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आक्का माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. तिनं मला उचललं आणि सरळ स्वतःच्या सासरी घेऊन गेली. तिचा नवरा, दत्ताराम खातू, आमचे भावोजी, पेठेत किराणा मालाचं दुकान. बायकोच्या पाठीला बांधून आलेल्या मेव्हण्याला त्या माणसानं कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. मला कोल्हापूरला फोटोग्राफी शिकायला पाठवलं ते त्यांनी. माझी पहिली डार्करूम म्हणजे त्यांच्या दुकानामागची नारळ साठवायची खोली. अजून मला फोटो धुवायच्या हायपोच्या वासाबरोबर सुक्या खोबऱ्याचा वास आठवतो.

आणि ह्या दोघांचा जोडीनं असा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटोग्राफर नव्हता. पुढं घरातच फोटोग्राफर तयार झाला, तर तो रोज म्हणायचा, “काढू की आक्का, घरचंच काम आहे, पुढल्या आठवड्यात काढू.” बावीस वर्षांत तो आठवडा उजाडला नाही. सगळ्या तालुक्याच्या जोड्या मी काढल्या, ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं त्यांनासुद्धा हसवून काढल्या.

एकसष्टी ठरली तेव्हा आक्का मुद्दाम स्टुडिओत आली होती. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, “भार्गव, ह्या वेळी मात्र आमचा दोघांचा एक काढायचा हं. नीट. मला दुसरं काही नको.”

“मोठा काढतो, आक्का. भिंतीवर लावायचा.”

“बघ हो, ह्यांचं काही खरं नाही. जिना चढताना दम लागतो हल्ली.”

हे मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. नीट लक्षात ठेवा.

विद्याधर त्या दिवशी चहा सांगायला म्हणून खाली गेला, तेव्हा कॅमेऱ्याबरोबर आलेलं छोटं पुस्तक मी चाळलं. त्यानं ते उघडलंसुद्धा नव्हतं, पानं एकमेकांना चिकटलेली होती. ह्या लोकांची हीच तऱ्हा! परदेशातून वस्तू आणतील, गावभर मिरवतील, पण ती चालते कशी हे वाचायचं म्हटलं की कपाळाला आठ्या. बाराव्या पानावर चित्र होतं. कॅमेऱ्यातून बघितलं की मधोमध एक छोटा चौकोन दिसतो. त्या चौकोनात जे येईल तेवढ्यावरच हा शहाणा फोकस करतो. दोन माणसं शेजारी शेजारी उभी असली आणि चौकोन त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडला, तर तो त्यांच्या मधून आरपार बघतो. मागची भिंत रेखीव येते आणि माणसं पुसट. उपायही दिला होता. आधी चौकोन एका माणसावर धरायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं, मग कॅमेरा मधे आणून पुरं दाबायचं. दोन ओळींचं काम.

विद्याधर चहा पिऊन डबी उचलून गेला. पुस्तक टेबलावरच विसरला. मी ते उचललं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं.

एकसष्टीच्या दिवशी मी खरोखरच हात हलवत गेलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेन. अंगणात झावळ्यांचा मांडव होता, खाली गार सावली. आक्कानं हिरवी पैठणी नेसली होती, लग्नातली नव्हे, मुलानं घेतलेली. भावोजी कडक धोतरात अवघडून बसले होते. एकसष्ट दिव्यांनी ओवाळणं झालं, आणि विद्याधरची डबी सुरू झाली. बटण दाबलं की आतून किर्रर्र आवाज यायचा, आणि बायाबापड्या कौतुकानं म्हणायच्या, “बघा, आपोआप फिरतो!” जसं काही रोल फिरवायला मी आजवर बैल जुंपत होतो.

आक्काची नजर माझ्या हातांकडे गेली. रिकामे हात बघून तिचा चेहरा जरासा उतरला.

“भार्गव, तुझा कॅमेरा?”

“मी आज पाहुणा आहे, आक्का. विदूनं बोलावलंय, जेवायला.”

“अरे, तो लहान आहे. त्याचं काय मनावर घेतोस? स्टुडिओ काय लांब आहे? जा, घेऊन ये जा.”

खरंच लांब नव्हता. पेठेच्या कोपऱ्यावर, पाच मिनिटं जायला, पाच यायला.

“कशाला? त्याच्या डबीला फोटोग्राफर लागत नाही.”

हे मी मुद्दाम चारचौघांना ऐकू जाईल असं बोललो. आक्कानं पदर सारखा केला आणि भावोजींना उठवून त्यांच्या शेजारी उभी राहिली.

शेजारी म्हणजे कशी? आमच्याकडची त्या पिढीची माणसं कशी उभी राहतात ते तुम्ही पाहिलं असेल. चाळीस वर्षांचा संसार, पण चारचौघांत खांद्याला खांदा लागला तर अब्रू गेली. दोघांच्या मधे हातभर जागा. एखादं मूल आरामात उभं राहील एवढी. माझ्याकडे अशी जोडी आली की मी पहिलं काम तेच करायचो. जवळ जायचो, आजोबांना म्हणायचो, “आजोबा, आजी काय चावतेय का?” ते हसायचे, आजी लाजायची, आणि हसता हसता मी दोघांना खांद्याला धरून जवळ सरकवायचो. फोटोग्राफर कशाला लागतो, तर ह्याला लागतो. ते कुठल्या डबीला येणार आहे, डोंबल?

विद्याधर दीड मीटरवर उभा राहिला. डबी डोळ्याला लावली. मी मांडवाच्या पार मागच्या खांबाला टेकून, हाताची घडी घालून बघत होतो, आणि मला जसं काही त्याच्याच डोळ्यातून दिसत होतं. चौकोन बरोबर मधल्या जागेत. भावोजींवरही नाही, आक्कावरही नाही. त्याच्या आईबापाची सपशेल चटणी होणार होती आणि त्या गाढवाला पत्ता नव्हता.

एक शब्द पुरला असता. “विदू, आधी आईवर धर.” बस.

“मामा, बाजूला व्हा ना, फोटोत याल,” विद्याधर ओरडला.

“एवढ्या लांबचा काय येतोय रे मी?”

“राहा मग. मागे अंधुकच दिसाल.”

लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्यात काय होतं ते मला त्या वेळी फार गोड लागलं.

किर्रर्र. किर्रर्र. सहा काढले त्यानं, एकापाठोपाठ एक. भावोजी शेवटी म्हणाले, “झालं का रे? पानं वाढलीत, लोक ताटकळलेत.” आक्का मात्र सहाही वेळा तशीच उभी होती, मान ताठ, श्वास धरून, मुलाच्या हातातल्या त्या डबीकडे बघत. चाळीस वर्षं वाट बघितलेलं काम एकदाचं होत होतं. माझ्या मनात आलं, होऊ दे फजिती. फोटो आले की हीच म्हणेल, भार्गव, तूच काढ बाबा. मग मी नाक मुरडीन, दोन दिवस आढेवेढे घेईन आणि मग काढीन.

एवढाच माझा हिशेब होता. शपथ सांगतो, एवढाच.

पण रोल छत्तीसचा होता आणि पंचवीसच संपले होते. आमच्या गावचा कायदा म्हणजे रोल पुरता संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही. तीन फोटो उरले म्हणून लोक गणपतीपर्यंत थांबतात, मग गणपतीत दोन उरतात म्हणून दिवाळीपर्यंत. विद्याधर आठवड्यानं मस्कतला गेला. जाताना आईला बटण दाखवून गेला. आक्कानं डबी रुमालात बांधून कपाटात ठेवली, आणि पुन्हा काही तिला हात लावला नाही. मीही विचारलं नाही. म्हटलं, घाई कोणाला आहे?

चैत्रात, भर दुपारी, दुकानात गुळाची ढेप फोडता फोडता भावोजी बसले ते उठलेच नाहीत.

भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून मी परवान्यासाठी काढलेला त्यांचा पासपोर्ट साइज मोठा करून दिला. कानापर्यंत कॉलर, डोळे वटारलेले, पोलिसांनी धरून आणल्यासारखे. आक्कानं त्याला हार घातला, पण बघितलं नाही.

तेराव्यानंतर विद्याधर स्टुडिओत आला. अत्तर नव्हतं. उरलेले अकरा फोटो त्यानं अंगणातल्या तुळशीचे, विहिरीचे, कशाकशाचे काढून संपवले होते.

“मामा, ह्यात बाबा आहेत. आईसोबतचे. आई रोज विचारते. मला उद्या निघायचंय, आले की तिला द्या.”

रंगीत रोल धुवायला कोल्हापूरला जायचे, एस.टी.नं. आठ दिवसांनी पाकीट आलं. मी स्टुडिओचं दार आतून लावलं आणि फोटो टेबलावर पसरले.

सहाच्या सहा. भावोजींच्या जागी पांढरा ढग. त्याला वर एक गव्हाळ डाग, तो चेहरा. डोळे नाहीत, नाक नाही. आक्का म्हणजे हिरवा पट्टा. कुंकवाचा लाल ठिपका तेवढा कळत होता, तोही पाण्यात पडल्यासारखा पसरलेला. आणि दोघांच्या मधल्या हातभर जागेत, मागच्या खांबाला टेकून, मी.

काय रेखीव आलो होतो! खिशातल्या पेनाची क्लिपसुद्धा दिसत होती. हाताची घडी, मान जराशी कलती, आणि तोंडावर ते हसू. ओठ एका बाजूला वळलेला, दोन दात दिसतायत. बावीस वर्षं मी लोकांचे चेहरे बघत आलो, चेहरा वाचायला मला कोणी शिकवायला नको. तो माणूस मजा बघत होता. त्याला कळत होतं आणि तो मजा बघत होता. माझ्या दुकानात असला माणूस आला असता तर मी त्याला बसायला स्टूल दिलं नसतं.

पहिला विचार काय आला, तर रोल जाळून टाकू. “आक्का, रोलला उजेड लागला गं, सगळा काळा आला.” आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी थाप. मी पूर्वी दोनदा मारलेली, दोन्ही वेळा पचलेली. काडेपेटी शेगडीशेजारीच होती. मी उठलोसुद्धा.

तेवढ्यात दार वाजलं. “भार्गव, आहेस का रे?”

भावोजी गेल्यावर आक्का पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. पेठेतून एकटी चालत आली होती. कपाळ मोकळं. तिची नजर थेट टेबलावर गेली. मला काही उचलायला वेळच मिळाला नाही.

“आले?”

तिनं एक फोटो उचलला. लांब धरला, जवळ धरला. चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला.

“माझा नंबर वाढलाय वाटतं,” ती म्हणाली. “रडून रडून डोळे गेले बघ. ह्यांचा चेहरा दिसतच नाही नीट.”

सुटका आयती चालून आली होती. हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

मग तिचं बोट फोटोवर मधे सरकलं.

“तू मात्र चांगला दिसतोयस.”

ती खुर्चीवर बसली. एकेक करून सहाही फोटो तिनं बघितले. सगळ्यांत बोट मधेच येऊन थांबत होतं.

“असं कसं रे झालं?”

“तो कॅमेरा मधोमध बघतो, आक्का. तुम्ही लांब लांब उभे होतात. त्याला मधली जागा दिसली. त्यात मी होतो.”

“विदूला हे ठाऊक नव्हतं?”

“नाही. त्यानं पुस्तक वाचलं नव्हतं.”

“तुला?”

“मला कसं ठाऊक असणार? मी कुठं असल्या डब्या वापरतो?”

आक्कानं फोटो माझ्यापुढे ठेवला आणि माझ्या त्या तोंडाखाली बोट टेकवलं.

“ह्याला ठाऊक आहे,” ती म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला लहानपणी तिनं चिक्कार धोपटलंय, मला सवय होती. मी ड्रॉवर उघडला, ते पुस्तक काढलं, बाराव्या पानावर उघडून तिच्यापुढे ठेवलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण चित्र कळलं. दोन माणसं, मधे चौकोन, वर फुली. तिनं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे सरकवलं.

“आक्का, मी नवा करून देतो. भावोजींचा माझ्याकडे आहे, तुझा आत्ता काढतो, डार्करूममध्ये दोन्ही जोडतो. कोणाला ओळखू यायचं नाही.”

“जोडलेला नको मला. ह्यात आम्ही खरेच शेजारी उभे होतो.” तिनं त्यातला एक निवडला, त्यातल्या त्यात भावोजींचा डाग जरा तिच्याकडे झुकलेला. “हा मोठा करून दे. मोठा काढतो म्हणाला होतास ना?”

“निदान मला मधून कापू दे.”

“नको. आहे तसा दे.”

कोल्हापूरला न पाठवता तो मी स्वतः केला, काळापांढरा, माझ्याच हातानं. आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगतो. फोटो मोठा करताना निगेटिव्ह खालच्या कागदावर नीट पडलं की नाही ते बघायला त्यातली सगळ्यात रेखीव जागा शोधावी लागते. डोळ्याची कड, केसाची बट, असलं काहीतरी. त्या निगेटिव्हमध्ये रेखीव एकच जागा होती. अंधारात, लाल दिव्याखाली, भिंग डोळ्याला लावून मी माझे दात फोकस केले. माझं तोंड जितकं स्पष्ट येईल तितकाच तो फोटो चांगला होणार होता. दुसरा इलाजच नव्हता. मला माझी एवढी शिसारी आयुष्यात कधी आली नव्हती, आणि तरी मी स्क्रू फिरवत होतो, अजून थोडा, अजून थोडा.

फ्रेम करून मीच नेऊन दिला. आक्कानं तो ओटीवर लावला, दारातून आत येणाऱ्याला पहिला दिसेल असा. त्यावरून ती मला पुन्हा एका शब्दानं बोलली नाही. भाऊबीजेला ओवाळलं, गणपतीला मोदक घातले, आजारपणात माझ्या उशाशी बसली. विद्याधरला मी सगळं सांगितलं तेव्हा तोच खाली मान घालून म्हणाला, “चूक माझी पण होती, मामा.” आणि मला वाटलं, अरे, मग मी तुला गाढव कशाला म्हणत होतो?

त्याची मुलगी हल्ली पुण्याला असते. ती डबी तिनं आजीच्या कपाटातून शोधून नेली. म्हणते, जुने कॅमेरे आता पुन्हा आलेत, मैत्रिणी जीव टाकतात. कपाळ माझं! हातातल्या फोनवर लख्ख फोटो येतो तो टाकून ही पोरं मुद्दाम पुसट फोटो काढायला रोल शोधत फिरतात. जाताना माझ्याकडे आली होती, तेव्हा मी तिला ते पुस्तक दिलं. बारावं पान तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, दोनदा.

आक्का जाईपर्यंत, बावीस वर्षं, फोटो ओटीवरच होता. नवीन माणूस आला की चहा पिता पिता त्याची नजर तिकडे जायचीच. बाजूची दोन माणसं कोण ते कळायचं नाही, मग तो विचारायचा, “हे मधे कोण हो? एवढे स्पष्ट?” बहुतेक वेळा मी तिथंच, कपबशी हातात घेऊन बसलेला असायचो.

आक्का माझ्याकडे न बघता सांगायची, “तो माझा भाऊ. फोटोग्राफर आहे.”